चेहरा दिसू नये इतका उजेड

"मला अंधार दाखवा," मी म्हणाले.

विक्रेत्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चपलांच्या दुकानात शिरून ताजी मासळी मागितली होती.

"मॅडम, हा बघा ना! काय स्वच्छ दिसतंय. अगदी कागदासारखं." त्यानं ई-रीडर माझ्या नाकाखाली धरला.

"इथे दिसणारच हो. छताला एवढे दिवे लावलेत की पुसलेली अक्षरंसुद्धा दिसतील. मी वाचणार अंधारात. तिथे कसं दिसतं ते बघायचंय."

"अंधारात पण छानच दिसतं."

"तुम्ही पाहिलंय?"

त्यानं रीडर काउंटरवर ठेवला. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून एक आवाज आला. हलका, जवळजवळ कानातच बोलल्यासारखा.

"माफ करा... अंधार मिळणार असेल, तर मलाही थोडा हवाय."

मी वळून पाहिलं. उंच, किडकिडीत माणूस. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. एका हातात पुस्तकाला चिमट्यानं लावायचा छोटा दिवा, दुसऱ्या हातात अजून एक तसलाच. दोन्ही दिव्यांकडे तो अशा संशयानं बघत होता, जणू ते त्याच्याशी खोटं बोलले होते.

आता मी एवढी हट्टाला का पेटले होते, ते सांगायला हवं. मी दात बनवते. डेंटल लॅबमध्ये दिवसभर कवळ्या, कॅप आणि एकेकटे सुटे दात घडवणं हे माझं काम. नव्या दाताचा रंग शेजारच्या जुन्या दाताशी जुळला नाही, तर माणूस हसायचा बंद होतो. म्हणून मी प्रत्येक दात ट्यूबखाली बघते, मग खिडकीशी नेऊन बघते, मग सावलीत बघते. एकच दात तीन उजेडांत तीन रंगांचा दिसतो. त्यामुळे दुकानातल्या उजेडावर माझा काडीचा विश्वास नाही.

आणि घरी आहे माझी आत्या. या शहरात नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडे राहते. एकच खोली, दोन पलंग, मध्ये हातभर जागा. आत्याचा जीव मोठा, पण झोप फार बारीक. तिच्या पापण्यांवर जरा उजेड पडला की तिला वाटतं सकाळ झाली. ती उठते, केस विंचरते आणि चहाचं आधण ठेवते. मध्यरात्रीचा चहा मी पुष्कळ प्यायलेय. फोनवर वाचून बघितलं, तर दिवसभर दातांकडे बघून शिणलेले डोळे चुरचुरायला लागले. न वाचता झोपावं, तर पुढे काय झालं असेल या विचारानं झोप येत नाही. म्हणून ई-रीडर, आणि म्हणून अंधार.

विक्रेत्यानं शेवटी हार मानली. "मागे स्टोअररूम आहे. पण मी दारातच उभा राहीन हं."

त्याला आमच्या अब्रूची नव्हे, मालाची काळजी होती.

स्टोअररूममध्ये खोक्यांच्या उतरंडी होत्या आणि पुठ्ठ्याचा कोरडा वास. विक्रेत्यानं दार ओढून घेतलं, दिवा मालवला आणि खरोखरचा अंधार झाला. मी पहिला रीडर सुरू केला. पान उजळलं. या रीडरमध्ये दिवे पडद्याच्या कडेला असतात. त्यांचा उजेड डोळ्यांत घुसत नाही, पानावर सांडतो. तरी तो निळसर होता, आमच्या लॅबच्या ट्यूबसारखा. अशा उजेडात चांगले दातसुद्धा आजारी दिसतात.

"मला एक मदत कराल?" मी विचारलं. "त्या खोक्यावर बसा आणि डोळे मिटा."

"का?"

"तुम्ही माझी आत्या आहात असं समजा."

अंधारात पावलं चाचपडली. मग खोकं करकरलं. "बरं. समजलो. आत्याला झोप लागलीय."

मी शेजारच्या खोक्यावर बसून रीडर धरला. "उजेड जाणवतो?"

"जाणवतो. आत्या उठणार."

मी उजेड कमी केला, मग त्यात पिवळा मिसळला. या रीडरमध्ये ती सोय होती. पान हळूहळू लोण्याच्या रंगाचं झालं. "आता?"

"आता..." तो थांबला. "आता कुठेतरी लांब कोणीतरी जागं आहे, एवढंच वाटतंय. बरं वाटतंय खरं तर. आत्या झोपेल."

का कोण जाणे, मी तो उजेड आणखी कमी केला नाही.

"झालं तुमचं?" दारातून विक्रेता.

"माझं राहिलंय," चष्मेवाला म्हणाला. मग त्यानं रीडर स्वतःच्या हातात घेतला आणि मला पलीकडच्या भिंतीशी उभं राहायला सांगितलं. "मी वाचतो. माझं काय काय दिसतं, ते सांगा."

"नाक दिसतंय."

त्यानं उजेड कमी केला. "आता?"

"हनुवटी. आणि... ओठ." हे सांगताना मी उगीचच घसा खाकरला. "मूळचा दात आहे ना तो पुढचा? की कॅप?"

"तुम्ही माझे दात बघताय?"

"धंदाच आहे माझा. पण तुम्हाला नक्की काय हवंय? काय दिसायला पाहिजे?"

"काहीच नाही. मला अक्षरं दिसावीत, पण मी कोणाला दिसू नये. चेहरा दिसू नये इतकाच उजेड हवाय."

मी भिंतीशी उभी राहून त्या अर्धवट हनुवटीकडे बघत राहिले. असा उजेड कोणाला लागतो? चोराला? पण चोर वाचत कशाला बसेल?

"कुठे वाचता तुम्ही?"

"अंधारात."

"कोणासाठी?"

"दुसऱ्यांसाठी," तो म्हणाला आणि त्यानं उजेड आणखी खाली नेला.

मी तो लोण्याच्या उजेडाचा रीडर घेतला. त्याचं काही ठरेना. प्रत्येक वेळी त्याचं काहीतरी दिसतच होतं. दुकानाबाहेर आलो, तेव्हा बारीक भुरभुर सुरू होती. तो पायरीवर थांबला, चष्म्यावरचे थेंब पुसले, चष्मा परत चढवला आणि धीर करून म्हणाला, "उद्या दुपारी वेळ आहे का? मला... तुमचे डोळे हवेत."

"फक्त डोळे?"

"म्हणजे... तुमच्यासकट."

घरी गेल्यावर आत्याला सांगितलं, "उद्या जेवणाच्या सुट्टीत एका माणसाचं नाक दिसतं का, ते बघायला जाणार आहे."

आत्यानं वर न बघता शिवणातला दोरा तोडला. "जा बाई. नाक बरं असलं तर मलाही कळव."

त्यानं दिलेला पत्ता नाट्यगृहाच्या मागच्या दाराचा निघाला. आत दोन माणसं रंगवलेली भिंत खांद्यावर घेऊन चालली होती. कोणीतरी खोट्या दाराला तेल देत होतं. तो मला अंधाऱ्या बोळातून रंगमंचाच्या कडेला, विंगेत घेऊन गेला. काळ्या पडद्याआड एक स्टूल होतं. प्रेक्षकांना न दिसणारी, पण रंगमंच पूर्ण दिसणारी जागा.

"मी प्रॉम्प्टर आहे," तो म्हणाला. "कोणी वाक्य विसरलं की इथून पुढचा शब्द द्यायचा. एवढंच. हळू बोलायची सवय त्यामुळेच लागलीय."

मला एकदम हायसं वाटलं. चोर नाही! लगेच मागोमाग पुढचा प्रश्न आला. "मग इतके दिवस कसं वाचायचात?"

"हातात संहिता, टॉर्चच्या तोंडाला कागद गुंडाळलेला. पण मागच्या प्रयोगाला पहिल्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, 'अगं, विंगेत काजवा आहे!' अर्धी रांग वाकून बघायला लागली."

"बघितलं तर काय बिघडतं?"

"विंगेत प्रॉम्प्टर दिसला की माणसं विचारतात, कोणासाठी?"

"कोणासाठी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा उगीचच वर सरकवला. "कोणासाठी नाही. सवय म्हणून बसतो."

खोटं बोलायला त्याला अजिबात जमत नव्हतं. पण मी ते तसंच सोडून दिलं. खिशात टाकलं म्हणा... पुढे कधीतरी काढायला.

प्रेक्षागृह काळोखात बुडवून मी खुर्च्या बदलत फिरले. तो विंगेत, माझा रीडर हातात घेऊन. मी कधी पहिल्या रांगेत, कधी कोपऱ्यात, कधी मान वाकडी करून.

"दिसतंय!" मी ओरडले.

"पान?"

"पान नाही. तुमचा शर्ट! कॉलर चमकतेय चंद्रकोरीसारखी. एवढा पांढराशुभ्र घालून कोण अंधारात लपतं?"

कुठूनतरी त्यानं काळं जाकीट आणून घातलं. "आता?"

"आता डोळ्यांच्या जागी दोन खिडक्या दिसताहेत. छोट्या छोट्या. पिवळ्या." मला हसू आवरेना. "चष्म्याच्या काचेत पान दिसतंय!"

"चष्मा काढला तर मला वाचता येत नाही."

मी धावत विंगेत गेले. "द्या इकडे." पडद्यावर बोट ठेवून अक्षरं मोठी केली, अजून मोठी केली. पान उलटं करून टाकलं, म्हणजे काळ्या पानावर उजळ अक्षरं. उजेड अगदी तळाला नेला. "आता काढा चष्मा."

त्यानं चष्मा काढला. डोळे बारीक केले, मग मोकळे सोडले. "दिसतंय," तो आश्चर्यानं म्हणाला. "सगळं दिसतंय!"

मी मात्र पानाकडे बघत नव्हते. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होते. पाण्यात भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा रंग. माझ्या नमुन्यांच्या पट्टीत असा रंग नाही, दातांचा असायचं कारणही नाही. पण तो कुठल्या उजेडात कसा दिसेल, हे बघायची मला विलक्षण उत्सुकता वाटायला लागली. खिडकीशी. सावलीत. संध्याकाळी.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. पहिल्या रांगेतून बघून येते," म्हणत मी पळाले. तिथून खरोखरच काही दिसलं नाही. नाक, हनुवटी, कॉलर, काहीच नाही. नुसता अंधार, आणि त्या अंधारात तो आहे हे मला ठाऊक.

"नाही दिसत!" मी म्हणाले. आवाज जितका आनंदी यायला हवा होता, तितका आला नाही.

त्यानं माझ्यासारखाच रीडर घेतला आणि शनिवारच्या प्रयोगाच्या दोन जागा माझ्यासाठी ठेवल्या.

आत्या माझ्याबरोबर आली. त्या नाटकातल्या मुख्य नटीची ती जुनी चाहती. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात. आत्याच्या तरुणपणापासून बाई रंगमंचावर आहेत. नाटक मंडळीही त्यांचीच.

"या वयात, बघ," आत्या माझ्या कानात म्हणाली, "एक शब्द इकडचा तिकडे होत नाही! स्मरणशक्ती म्हणजे काय!"

नाटक होतं एका म्हातारीचं, मोठ्या घरात एकटी राहणाऱ्या. छान असावं. मी खरं सांगू? माझी नजर सारखी डाव्या विंगेकडे. तिथे काळा पडदा आणि त्याच्याआड काळोख. तरीही मी बघत होते.

त्यामुळेच मला ते कळलं. दुसऱ्या अंकात बाई बोलता बोलता थांबल्या. खिडकीशी गेल्या, पडदा सारखा केला, सुस्कारा सोडला. सगळं इतकं सुंदर, की आत्यानं डोळ्यांना पदर लावला. पण सुस्कारा सोडताना बाईंची मान किंचित डावीकडे कलली होती. कान पुढे केल्यासारखी. आणि मग वाक्य आलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच.

 तो सवय म्हणून बसत नव्हता.

प्रयोग संपल्यावर आत्याला चहाच्या स्टॉलवर गाठ पडलेल्या तिच्या मैत्रिणीच्या हवाली केलं आणि मी मागच्या दाराशी गेले. तो बाहेर आला तोच फुललेल्या चेहऱ्यानं. "दिसलो?"

"अजिबात नाही."

"काजवा?"

"नाही." मी आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं. "पण मला कळलं. बाई... विसरतात."

तो फुललेला चेहरा माझ्यासमोर विझला. "कशावरून? सगळ्यांना कळलं?"

"कोणालाही नाही. माझी आत्या रडत होती. सगळे बाईंकडे बघत होते. मला कळलं, कारण मी तुमच्याकडे बघत होते."

"मी दिसत होतो?"

"नाही... तरी बघत होते."

 रस्त्यावरून एक बस गेली आणि तिच्या दिव्यांनी त्याचा चेहरा क्षणभर उजळून सोडून दिला.

"मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे. पण मी बाईंना शब्द दिला होता, की कोणाला म्हणून कळणार नाही. त्या म्हणाल्या होत्या, ज्या दिवशी बाहेर कळेल, त्या दिवशी मी रंग पुसेन. आणि मीच तुम्हाला आत आणलं, जागा दाखवली..." त्यानं मान खाली घातली. "मला निघायला हवं."

आणि तो निघाला. पावसात, छत्रीसुद्धा न उघडता.

नंतरचे दिवस मी कसे काढले, ते माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीला विचारा. मी एका भल्या गृहस्थाच्या कवळीला वरचे दात खाली लावायला निघाले होते. फोन वाजला की मी हातातला दात टाकून धावायची. कधी बँक असायची, कधी चुकीचा नंबर. मला राग येत होता. त्याचा, बाईंचा, माझ्या या भोचक डोळ्यांचा. गुपचूप नाटक बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला सगळंच बघायचं असतं. पुढे काय, आत काय, मागे कोण...

एका रात्री पलीकडच्या पलंगावरून आवाज आला. "तुझं ते यंत्र बिघडलंय का गं?"

"नाही. का? उजेड आला डोळ्यांवर?"

"उजेड नाही येत. पण पान उलटल्याची तुझी चाहूल असते, ती येत नाही. किती दिवस त्याच पानावर आहेस?" आत्या कुशीवर वळली. "त्या नाकवाल्याचं काही झालं का?"

मी रीडर बंद करून उशीखाली सारला. "झोप तू."

"मी झोपतेच आहे," आत्या म्हणाली. पण थोड्या वेळानं तीच उठली आणि न विचारता तिनं चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या काउंटरवर मैत्रीण ओरडली, "अगं, एकजण आलेत. दात दुखत नाही म्हणतात, कवळी नको म्हणतात. मग काय हवंय, तर सांगत नाहीत."

मी एप्रनला हात पुसत बाहेर आले. तो उभा होता. काळा शर्ट, भिजलेले केस. आणि खिडकीशी उभा असल्यामुळे डोळ्यांचा रंग मला दिवसाच्या उजेडात दिसला. मी ठरवून ठेवलेली सगळी खोचक वाक्यं जागच्या जागी विरघळली.

"मी बाईंना सांगितलं," तो म्हणाला. एरवीपेक्षाही हळू.

"काय म्हणाल्या?"

"आधी तोंडाचा रंग पुसत बसल्या. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, 'तिला कळून किती दिवस झाले?' मी सांगितलं. 'त्यानंतर आपले प्रयोग झाले ना? कोणी घरी बसवलं का मला?' मी म्हटलं, नाही. तर एकदम हसायला लागल्या. म्हणाल्या, 'मी उगाच वर्षभर पोटात गोळा घेऊन फिरतेय. एकीला कळलं आणि आभाळ जिथल्या तिथे आहे.'" त्यानं ओल्या केसांतून हात फिरवला. "आणि म्हणाल्या, 'घेऊन ये तिला. बाहेर नको, आत बसव. बघू तरी, अंधारात माणसं बघणारी ही आहे कोण.'"

"बाईंनी बोलावलंय म्हणून आलात?"

"नाही. म्हणजे हो... म्हणजे त्यांनी बोलावलं नसतं तरी येणार होतो. रोज येत होतो. त्या समोरच्या दुकानापर्यंत."

समोर झाडूंचं दुकान आहे. "मग आत का नाही आलात?"

"एक झाडू घेऊन परत जायचो."

"किती झाडू झाले?"

"विचारू नका," तो म्हणाला, आणि मी इतक्या मोठ्यानं हसले की आतून मैत्रिणीनं मान बाहेर काढली.

प्रयोगाच्या दिवशी आत्याला पुढच्या रांगेत बसवून मी विंगेत गेले. त्यानं स्टुलाच्या जागी एक अरुंद बाक आणलं होतं. पडदा वर गेला, अंधार झाला आणि त्याच्या हातातलं काळं पान मंद उजळलं. इतक्या जवळून मला सगळं दिसत होतं. नाक, हनुवटी, ओठांची हालचाल. बाहेरच्या कोणालाही दिसत नव्हतं ते सगळं. तो प्रत्येक वाक्य मनातल्या मनात बाईंच्या बरोबरीनं बोलत होता. दोनदा त्यानं शब्द दिला. अर्धाच, वाऱ्यासारखा. बाईंनी तो न वळता झेलला.

दुसऱ्या अंकात माझा हात बाकावर होता. त्याचा उजवा हात त्यावर आला. मला वाटलं, चुकून आला असेल. उचलेल आता. उचलला नाही.

डाव्या हातात रीडर, उजव्या हातात माझा हात. पान संपलं. उलटायचं कोणी? त्यानं माझ्याकडे पाहिलं... मी मोकळ्या हातानं पान उलटलं. पुढचं पान, तेही मीच उलटलं. 

आणि मग रंगमंचावर एकदम शांतता पसरली.

म्हातारीला घरात पावलं ऐकू येतात, तो प्रसंग होता. बाई मधोमध उभ्या. काठी पुढे केलेली. मान किंचित डावीकडे. वाट बघताहेत. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पानाकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याचं रंगमंचाकडे लक्ष नव्हतं.

शांतता लांबली. प्रेक्षागृहात कोणीतरी खोकलं.  मी पानावर नजर टाकली, ओळ शोधली, पुढे वाकले आणि माझ्याच नकळत कुजबुजले, "कोण आहे तिकडे?"

बाईंची भुवई चढली. त्यांच्या सवयीचा आवाज हा नव्हता! त्या सावकाश, अख्ख्या वळल्या, थेट आमच्या विंगेकडे. अंधारात डोळे रुतवून, काठी रोखून, अस्सल नवलानं त्यांनी विचारलं, "कोण... आहे... तिकडे?"

सगळं प्रेक्षागृह श्वास धरून बसलं. आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याचा आवाज मला वेगळा ओळखू आला, "वा! वा, बाई!"

तो भानावर आला. माझा हात मात्र त्यानं सोडला नाही, फक्त जास्त घट्ट धरला.

पडदा पडला तशा बाई तडक विंगेत आल्या. चेहऱ्यावर घाम, डोळ्यांत मिस्कीलपणा. जवळून त्या खूप लहानखुऱ्या दिसत होत्या. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता सांग. कोण आहे तिकडे?"

"बाई, या... ज्यांनी रीडर निवडायला... म्हणजे ज्यांना कळलं होतं, त्या..."

"ते मला समजलं. तुझी कोण?"

मी उठले, तोही उभा राहिला. कानापर्यंत लाल.  सामान आवरणारी माणसं रंगवलेली भिंत खांद्यावर घेऊन तशीच थबकली.

"मला ती आवडते," तो म्हणाला.

"मग मला काय सांगतोस? ती तिकडे उभी आहे."

तो माझ्याकडे वळला. चष्मा त्याच्या खिशात होता, त्यामुळे मी त्याला जरा पुसटच दिसत असणार. म्हणून तो एक पाऊल जवळ आला.

"मला तू आवडतेस."

तू! इतक्या दिवसांच्या 'तुम्ही'नंतर एकदम तू. पण इतक्या झाडूंचा हिशेब मी सहजासहजी सोडणार नव्हते. "ऐकू नाही आलं."

"मला तू आवडतेस!" तो म्हणाला. कुजबुजला नाही, म्हणाला. भरदार, मोकळा आवाज. पडद्याच्या पलीकडे बाहेर पडणारे काही प्रेक्षकही थांबले असावेत, कारण तिकडची पावलं वाजायची बंद झाली. भिंत धरलेल्या माणसांपैकी एकानं शिट्टी मारली.

"इतका आवाज होता तर!" बाई म्हणाल्या. "आणि मला इतके दिवस फुंकर घालून शब्द देतोस." आणि हसत रंग पुसायला निघून गेल्या.

तो माझ्या उत्तराची वाट बघत उभा. मला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण ओठांवर आलं ते एवढंच, "मलाही. तू."

"कधीपासून?"

"सांगेन. आता बाहेर चल, आत्या थांबलीय."

"आत्ता? आज?" त्यानं घाईघाईनं केस सारखे केले, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी त्यांना काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. ती विचारेल, तेवढ्याची उत्तरं दे. फार विचारते, मी तिच्यावरच गेलेय."

मी मागचं दार ढकललं. बाहेर फाटकापाशी दिव्याखाली आत्या उभी होती. स्टॉलवर भेटलेल्या त्या मैत्रिणीशी तावातावानं त्या एका वाक्याबद्दल बोलत. तिनं आम्हाला पाहिलं. बोलणं अर्धवट सोडलं, मान तिरपी केली आणि त्याला नाकापासून सुरुवात करून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

मी त्याचा हात धरून तिच्याकडे चालायला लागले.